बारा सेकंद

माझं घोडं फक्त बारा सेकंदांवर अडलंय. पाच किलोमीटर अर्ध्या तासाच्या आत पळायचे, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, एवढंच मागणं, पण चार महिने झाले ३०:१२ च्या पुढे गाडी सरकायलाच तयार नाही. तिकडे केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे २०१९ मध्ये व्हिएन्नात ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पळाला, म्हणजे माझे पाच होईस्तोवर त्याचे साडेदहा झालेले असतात. मी स्वतःला सांगतो, अरे त्याच्या मदतीला आळीपाळीने पेसमेकर, म्हणजे ठरलेला वेग धरून सोबत पळणारे, होते, तो अधिकृत रेकॉर्ड धरत नाहीत. मला पेसमेकर दिले तर तेही मला सोडून पुढे जातील, ही गोष्ट वेगळी.

एका अनुभवी मित्राने सल्ला दिला, फास्ट व्हायचंय ना, मग बहुतेक दिवस हळू पळ. किती हळू, तर पळता पळता सलग बोलता आलं पाहिजे. आता मी पळतो एकटा, बोलणार कुणाशी, म्हणून पाढे म्हणायला लागलो. सतरा साती एकशे एकवीस, असं जोरात म्हटलं आणि मागून आवाज आला, "एकोणीस!" बघतो तर एक आजोबा. चूक सुधारली आणि चालत चालत मला ओव्हरटेक करून गेले. चालत! दुसऱ्या दिवशी पाढे मनातल्या मनात म्हटले तर कुत्रं मागे लागलं आणि घड्याळाने त्या रनला 'टेम्पो', म्हणजे सलग वेगात पळालेली रन, म्हणून शाबासकी दिली.

मग इंटरव्हल्स. ४०० मीटर जीव खाऊन पळायचं, मग २०० मीटर रमतगमत, की परत तेच. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू झाटोपेक असले ४०० चे राऊंड ढिगाने मारायचा, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली, त्यातली मॅरेथॉन तर आयुष्यातली पहिलीच. मी तिसऱ्या राऊंडनंतर गुडघ्यांवर हात टेकून एका मुंगीकडे बघत उभा होतो. तीसुद्धा दुसरा हाफ पहिल्यापेक्षा फास्ट काढत होती.

पण खरी शत्रू निघाली बुटाची लेस. गेल्या रविवारी साडेतीन किलोमीटरला मी चक्क आठ सेकंद पुढे होतो, पाय हलके, श्वास तालात, आणि उजव्या बुटातून फट फट फट. पाच पावलं दुर्लक्ष केलं, सहाव्याला लेस दुसऱ्या पायाखाली आली, मी खाली वाकलो, घामाने बोटं निसटतायत, घड्याळ बंद करायचं लक्षात नाही (आणि बंद केलं असतं तर मनाला पटलं नसतं, बरं का). वीस सेकंद गेले. आठ पुढचा थेट बारा मागे. फिनिश ३०:१२, पुन्हा!

या रविवारी सुरगाठ वगैरे भानगडच नाही, सरळ निरगाठ मारली, वर अजून एक. लेस जागची हलली नाही. शेवटचा किलोमीटर डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत पळालो. ३०:०३.

घरी येऊन पायरीवर बसलो. गाठ घामाने फुगून दगड झालेली. नखाने झालं, किल्लीने झालं, दातांपर्यंत पाय पोचत नाही. आतून बायकोचा आवाज, "अहो, पळून येऊन अर्धा तास झाला, आत येताय का?"

"तीस मिनिटं आणि वर किती सेकंद?" मी विचारलं.