बंद पाकीट

बायकोशी फोनवर झालेलं बोलणं नवऱ्याने चोरून रेकॉर्ड केलं, तरी घटस्फोटाच्या खटल्यात ते पुरावा म्हणून चालेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी दिला. आमच्या घरच्या ग्रुपवर तो वाद अजून धुमसतोय. सांगलीच्या मामेभावाचं एकच पालुपद: "नवरा-बायकोत कसलं आलंय खासगी? लपवण्यासारखं नसेल तर भ्यायचं कशाला?" सगळे त्याला अंगठे देतात. मला राहवत नाही.

त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं होतं. मग तो हक्क उंबऱ्याबाहेर ठेवूनच घरात शिरायचं का? मी राहते त्या जर्मनीत दुसऱ्याचं खासगी बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नवरा म्हणून सूट नाही. दुसऱ्याचं बंद पाकीट फोडलं तर एक वर्षापर्यंत. पत्रांची गुप्तता जर्मन राज्यघटनेच्या दहाव्या कलमातच आहे. गुप्तचर खात्यांना त्यातूनही वाट आहे, ठाऊक आहे मला. पण मी घरातल्या माणसांबद्दल बोलतेय.

आमच्या लाइपझिगला ते कलम १९९० मध्ये लागू झालं. त्याआधी इथे पूर्व जर्मनीचं राज्य होतं, आणि त्यांचे गुप्त पोलीस, म्हणजे श्टाझी, पाकिटं वाफेवर उघडून परत चिकटवायचे. ती यंत्रं डिट्रिखरिंगवरच्या त्यांच्या जुन्या कचेरीत मांडलेली आहेत. खालच्या मजल्यावरच्या आजींनी श्टाझीकडची आपली फाइल वाचली आहे. बहिणीला लिहिलेल्या पत्रांच्या नकला तिच्यात निघाल्या. "लपवण्यासारखं काय होतं? प्लमच्या जॅमची कृती," त्या मला म्हणाल्या, आणि खिडकी लावून घेतली. मामेभावाला याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि मामेभावा, तू लहान होतास रे, तुला आठवणार नाही. अकरावीला मी तुमच्याकडे राहायला होते. मैत्रिणीचं निळं अंतर्देशीय आलं. मामांनी कडेने फाडलं आणि चहाच्या वेळी मोठ्याने वाचलं. आपण नापास झाल्याचं तिने फक्त मला कळवलं होतं. संध्याकाळपर्यंत ते आळीभर झालं. तिने मला पुन्हा कधी पत्र लिहिलं नाही. मामांचा हेतू वाईट नव्हता. पोरगी आपली, तर तिचं पत्रही आपलंच, एवढंच.

गेल्या वर्षी मी तीन आठवडे हॉस्पिटलात होते. परत आले तेव्हा त्याच आजींनी माझी टपालपेटी रोज रिकामी करून, पत्रं तारखेप्रमाणे लावून, रबर घालून ठेवली होती. एकही फोडलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी याच गोष्टीचं कौतुक करत आले. गठ्ठ्यात मामांच्या थरथरत्या अक्षरातलं पाकीट होतं: डोळ्यांना आता दिसत नाही, दिवाळीला येऊन जा. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. हे कुणीतरी फोडून, हॉस्पिटलात येऊन मला मोठ्याने वाचून दाखवायला हवं होतं, असं वाटलं आणि मी तिथेच जिन्यात बसले.