सबव्हर्जनच्या सर्व्हर्स फाइलमधलं ग्रुपचं नाव यूआरएलमध्ये चालत नाही

सध्या एक टिप फिरतेय की सबव्हर्जनच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर्स फाइलमध्ये, म्हणजे आपल्या मशीनवरच्या सर्व्हरविषयीच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, ग्रुप्स खाली 'ऑफिस' असं नाव टाकलं की चेकआउट करताना (सर्व्हरवरून कोड उतरवून घेताना) यूआरएलमध्ये होस्टच्या, म्हणजे सर्व्हरच्या नावाच्या, जागी नुसतं ऑफिस लिहायचं, झालं काम. असं काही होत नाही हो! हा गोंधळ बहुतेक एसएसएचच्या (दूरच्या मशीनला सुरक्षितपणे जोडणारं साधन) कॉन्फिग फाइलवरून झालाय, तिथे होस्टला टोपणनाव देता येतं आणि ते चालतंही.

इथे मात्र ग्रुप म्हणजे फक्त लेबल. यूआरएलमध्ये पूर्ण होस्टनेमच द्यायचं, मग क्लायंट ते नाव ग्रुपसमोरच्या पॅटर्नशी जुळवून बघतो (स्टार चालतो), जुळलं की त्या ग्रुपच्या नावाच्या सेक्शनमधली प्रॉक्सी, टाइमआउट वगैरे लावतो आणि तिथे जे दिलं नसेल ते ग्लोबल सेक्शनमधून घेतो.

आणि फाइलमधल्या नमुन्याच्या ओळी चालू करायला त्यांच्या सुरुवातीचा हॅश (#) काढताना त्याच्यानंतरची स्पेसही काढा, ती ओळीच्या सुरुवातीला राहिली की फाइल नीट वाचलीच जात नाही, आणि लोक उगाच सर्व्हरला शिव्या घालतात. टॉर्टॉइजएसव्हीएन (विंडोजवरचा सबव्हर्जन क्लायंट) वापरणाऱ्यांनी वेगळी फाइल शोधू नये, सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली एडिटचं बटण आहे, तीच फाइल उघडते. एसव्हीएन प्लस एसएसएचवाल्यांना (एसएसएचमधून सबव्हर्जन सर्व्हरला जोडणाऱ्यांना) मात्र टनेलची सेटिंग सर्व्हर्सच्या शेजारच्या, सबव्हर्जनच्याच कॉन्फिग फाइलमध्ये करावी लागते.