‘फुल एचडी सिनेमा ७०० एमबीत, क्वालिटी जशीच्या तशी’? आधी बेरीज तरी करा

एक सल्ला फॉरवर्ड होत होत सगळीकडे पोचला आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा हाच: ‘दोन तासांचा कुठलाही सिनेमा १०८०पीमध्येच ठेवा. एचईव्हीसी निवडा, तो निम्म्यात तीच क्वालिटी देतो. बिटरेट ८०० टाका, ग्राफिक्स कार्डावर एन्कोड करा. फाइल ७०० एमबीत बसते आणि क्वालिटी जराही जात नाही. तरी मोठी वाटली तर तीच फाइल पुन्हा कन्व्हर्ट करा.’ (एन्कोड म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणं, दाबायची पद्धत म्हणजे कोडेक. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, हा असाच एक कोडेक.) यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची एकेक करून बघू.

‘बिटरेट ८००, फाइल ७०० एमबी’

इथे मतामतांना जागाच नाही, कारण हा नुसता गुणाकार आहे. बिटरेट म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदावर किती किलोबिट खर्चायचे (केबीपीएस) तो आकडा. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद. सेकंदाला ८०० किलोबिट गुणिले ७,२००, भागिले ८: झाले ७२० एमबी. चित्रानेच मर्यादा ओलांडली, आवाज अजून यायचाच आहे. डीव्हीडीवरचा ५.१ डॉल्बी ट्रॅक बऱ्याचदा ४४८ केबीपीएसचा असतो. हँडब्रेक या व्हिडिओ एन्कोड करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो ‘पासथ्रू’वर, म्हणजे जसाच्या तसा, राहिला तर दोन तासांत ४०३ एमबी एकटाच खातो. ऐकायचं टीव्हीच्याच स्पीकरवर असेल तर ऑडिओ टॅबमध्ये तो एएसी स्टीरिओ १२८ करा, ११५ एमबीत भागतं. चित्राचा बिटरेट चिमटीचिमटीने कमी करणारे बरेच जण हा टॅब उघडतही नाहीत.

बरं, ७०० हा आकडा आला कुठून? कोऱ्या सीडीवरून. डिव्हएक्स-एक्सव्हिड या जुन्या कोडेकांच्या दिवसांत सिनेमा एका सीडीत बसवायचा असे आणि चित्र साधारण ६४० बाय २७२ असायचं. त्याच रुंद सिनेमाची १०८०पीमधली फ्रेम १९२० बाय ८०० असते, म्हणजे पिक्सेल जवळजवळ नऊपट. पोतं तेवढंच आणि धान्य नऊपट. कोडेक सुधारले हे खरं, पण नऊपट नाही सुधारले. पूर्ण १९२० बाय १०८० फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेम आणि ८०० केबीपीएस धरले तर साठेक पिक्सेलांच्या वाट्याला मिळून एक बिट येतो.

‘एचईव्हीसी निम्म्यात तीच क्वालिटी देतो’

हेच ते अर्धं खरं वाक्य. आधीचा कोडेक एच.२६४ आला २००३ मध्ये, एचईव्हीसी २०१३ मध्ये, आणि तेच चित्र निम्म्या बिटरेटमध्ये द्यायचं हे त्याचं उद्दिष्टच होतं. हा फायदा ४केमध्ये ठळक दिसतो, चित्र लहान होत जातं तसा घटतो. शिवाय निम्मं कशाचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. एखादा सिनेमा एच.२६४ मध्ये ५ एमबीपीएसला (५,००० केबीपीएस) स्वच्छ दिसत असेल, तर निम्मे म्हणजे अडीच. पॉइंट आठ नव्हे.

आणखी एक गफलत इथेच होते. क्वालिटीचा आकडा, म्हणजे सीआरएफ किंवा हँडब्रेकच्या भाषेत आरएफ (जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी), प्रत्येक एन्कोडरचा वेगळा असतो. एच.२६४ च्या एक्स२६४ या एन्कोडरचा मूळ आकडा २३, एचईव्हीसीच्या एक्स२६५ चा २८, एव्ही१ या आणखी नव्या कोडेकच्या एसव्हीटी-एव्ही१ चा ३५. पहिल्या दोन्हीकडे २३ ठेवून ‘एचईव्हीसीची फाइल काही फारशी छोटी झाली नाही’ म्हणणं म्हणजे एकाने फुटात मोजायचं, दुसऱ्याने मीटरमध्ये.

‘ग्राफिक्स कार्डावर करा, वेळ वाचतो, क्वालिटी तीच’

वेळ वाचतो, भरपूर वाचतो. पण एन्व्हेंक (एनव्हिडियाच्या कार्डातला एन्कोडर) किंवा क्विक सिंक (इंटेलच्या चिपमधला) यांची रचनाच चित्र येईल तसं झटपट दाबण्यासाठी केलेली आहे. प्रोसेसरवर चालणारा एक्स२६५ ‘स्लो’ प्रीसेटवर, म्हणजे तयार सेटिंगवर, एकेका तुकड्यासाठी कितीतरी पर्याय तपासतो, पुढच्या फ्रेम बघून बिट राखून ठेवतो. कार्डाला तेवढी सवड नसते. ८,००० केबीपीएसला हा फरक शोधूनही सापडायचा नाही. ८०० ला तो थेट पडद्यावर येतो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

प्रीसेट म्हणजे नुसता वेग, हा समजही यातलाच. तेवढ्याच बिटरेटला ‘स्लो’चं चित्र ‘व्हेरीफास्ट’पेक्षा चांगलं निघतं. ‘व्हेरीस्लो’च्या पुढे मात्र तास खर्ची पडतात आणि हाती फारसं काही लागत नाही.

‘फरक दिसतच नाही’

कुठे बघितला? बहुधा मोबाइलवर, उजेडातल्या सीनवर. दोघं भिंतीसमोर बसून बोलतायत, तर एन्कोडरला काम जवळजवळ नसतंच. भिंत पुन्हा लिहायची नसते, ‘मागच्यासारखंच’ एवढं सांगून तो पुढे जातो. फरक बघायचा तर लग्नाच्या व्हिडिओत अक्षता पडतात ती दहा सेकंदं बघा. एन्कोडर मागच्या फ्रेममधला चौकोनी तुकडा उचलून किंचित सरकवतो आणि वापरतो, हा त्याच्या बचतीचा मुख्य मार्ग. अक्षतांचा प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेला जात असतो, त्यामुळे मागचा कुठलाच तुकडा पुढे जुळत नाही. सगळं नव्याने लिहावं लागतं आणि ८०० च्या सरासरीत राखून ठेवलेलं काही नसतं. मग शालूची जर, अंतरपाटावरचं स्वस्तिक, मागच्या माणसांचे चेहरे, सगळं मिळून ठोकळे. ‘शुभमंगल’ झालं की चित्र पुन्हा सावरतं. पाऊस, धबधबा, फटाके, उडता गुलाल यांचंही हेच.

दुसरी जागा अंधाराची. नाटकाच्या रेकॉर्डिंगमध्ये काळा पडदा आणि एकच स्पॉट असतो. ८-बिट व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सुमारे २२० पायऱ्या, त्यातल्या थोड्याच अंधाराच्या वाट्याला. कमी बिटरेटला एन्कोडर त्याही सपाट करतो आणि स्पॉटभोवती झाडाच्या खोडासारखी वलयं उमटतात. मूळ चित्र ८-बिट असलं तरी एन्कोडर ‘एच.२६५ १०-बिट’ निवडला की ही वलयं बरीच कमी होतात. एच.२६४ १०-बिट मात्र टाळा, बहुतेक टीव्ही तो चालवतच नाहीत.

जुन्या फिल्मवरचा रवा, म्हणजे बारीक कण (ग्रेन), हाही असाच बिटखाऊ. त्याला पॅटर्न नसतो, त्यामुळे तोच आरएफ ठेवला तरी फाइल दुप्पट होऊ शकते. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये रवा पुसणारा एनएलमीन्स ‘अल्ट्रालाइट’ किंवा ‘लाइट’ लावा. त्यापुढे गेलात तर चेहरे मेणाचे दिसू लागतात.

‘मोठी वाटली तर पुन्हा कन्व्हर्ट करा’

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हे. दुसऱ्या खेपेला एन्कोडरला मूळ चित्र दिसत नाही. पहिल्या खेपेचे ठोकळे त्याला चित्रच वाटतात आणि त्यांच्या कडा जपण्यात तो बिट घालवतो. आकार चुकला तर मूळ फाइलवरून नव्याने सुरू करा. नुसतं एमकेव्हीचं एमपी४ करायचं असेल किंवा टोकं कापायची असतील तर एन्कोडची गरजच नाही, लॉसलेसकटसारखं साधन मिनिटभरात तसंच्या तसं उचलून देतं. झिप करून काही वाचत नाही, कारण व्हिडिओ आतून आधीच पिळलेला असतो. ७२० बाय ५७६ ची डीव्हीडी १०८०पीत फुगवून तपशील वाढत नाहीत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

लग्नाच्या जुन्या डीव्हीडींबाबत एक गोष्ट मात्र जरूर करा. त्या इंटरलेस्ड असतात, प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी आळीपाळीने. तशाच दाबल्या तर हलत्या हातांना कंगव्यासारखे दाते फुटतात, आणि दाते लिहायला बिट जातात ते वेगळेच. चित्राचा आकार बदलताना हे राहून गेलं तर दाते कायमचे चित्रात मुरतात. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेस ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ ठेवा. त्यातला ‘बॉब’ घेतला तर २५ ऐवजी ५० फ्रेम मिळतात आणि वरातीतला नाच गुळगुळीत दिसतो. फ्रेमरेटही ५० करायला विसरू नका.

मग करायचं काय

आधी फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या साधनात मूळ फाइल बघा: कोडेक, बिटरेट, फ्रेमचा आकार, इंटरलेस्ड की प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेम एकाच क्षणाची). मूळच दीड-दोन एमबीपीएसची असेल तर हात लावू नका. नंतर हँडब्रेकच्या ‘रेंज’मध्ये ‘सेकंद्स’ निवडून साठ-साठ सेकंदांचे तीन तुकडे काढा: एक अंधाराचा, एक पळापळीचा, एक चेहऱ्यांचा. ते एक्स२६५ १०-बिट, ‘स्लो’ प्रीसेट, आरएफ २०, २२ आणि २४ वर करा. १०८०पीसाठी हाच टापू. डीव्हीडीसाठी १८ ते २२. टीव्हीवर, रोजच्या जागेवरून बघा आणि खटकत नाही असा सगळ्यात मोठा आकडा घ्या. आरएफ सहाने वाढवला की आकार साधारण निम्मा होतो, दोनने कमी केला की पाव हिश्शाने वाढतो. या पद्धतीत दोन सिनेमांच्या फाइली वेगवेगळ्या आकाराच्या निघतात. कार्टून ८०० एमबीत उरकतं, पावसातला युद्धपट ४ जीबी मागतो. ही चूक नाही. बिट लागले तिथे गेले, एवढाच त्याचा अर्थ.

ठरावीक आकार खरोखर लागतो तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हसाठी, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तेव्हा उलट गणित करा: ३.९ जीबी गुणिले ८, भागिले ७,२००, आले सुमारे ४,३३० केबीपीएस. आवाजाचे १६० वजा करून चित्राला ४,१०० द्या आणि ‘मल्टी-पास’वर खूण करा, पहिल्या फेरीत एन्कोडर अक्षता कुठे आहेत ते बघून ठेवतो. आणि ७०० एमबीच हवे असतील तर १०८०पी सोडा. ७२०पीत पिक्सेल ४४ टक्केच उरतात, अंधारे सीन नसलेल्या सिनेमाला ५७६पीही चालेल. किंचित मऊ चित्र ठोकळ्यांपेक्षा डोळ्याला कमी बोचतं.

नवी फाइल शेवटच्या दहा मिनिटांसह टीव्हीवर चालवून बघेपर्यंत मूळ फाइल पुसू नका. मोबाइलवर शूट केलेल्या व्हिडिओंचा फ्रेमरेट कमीजास्त होत असतो. त्यामुळे आवाज सरकत गेला तर सुरुवातीला कळत नाही. दीड तासानंतर ओठ आणि शब्द वेगळे पडलेले दिसतात.