एकास चोवीस

मोटारींची छोटी मॉडेले बांधणे हा शांत, बैठा आणि निरुपद्रवी छंद आहे, असा समज तो छंद नसलेल्या लोकांत रूढ आहे. टेबलावर दिवा लावून, मान खाली घालून बसलेला माणूस त्यांना दिसतो. तो तोंडातल्या तोंडात काय पुटपुटत असतो, ते त्यांना ऐकू येत नाही. या छंदातली सारी पीडा एका साध्या गणितातून उद्भवते, आणि ते गणित खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले असूनही कोणी मनावर घेत नाही. खोक्यावर १:२४ असे लिहिलेले असते. याचा अर्थ आतली गाडी चोवीस पटींनी लहान केलेली आहे, एवढाच आहे. गाडीखेरीज अन्य कोणतीही वस्तू लहान करून देण्याची जबाबदारी उत्पादक घेत नाही. धूळ, केस, रंगाचा थर, डिंकाचा थेंब आणि माझी बोटे ही सर्व मंडळी पूर्ण मापाचीच राहतात, आणि त्या सगळ्यांनी मिळून एका वीतभर गाडीवर चाल करून जायचे असते.

हे गणित दिसते त्याहून क्रूर आहे. लांबी २४ पटींनी घटते, तेव्हा पृष्ठभाग ५७६ पटींनी आणि आकारमान १३,८२४ पटींनी घटते. चार मीटर लांब आणि १,२०० किलो वजनाची गाडी मूळच्याच साहित्यातून या प्रमाणात घडवता आली असती, तर ती १६.७ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम ८७ ग्रॅम वजनाची भरली असती. उलट बाजूने हिशेब मांडला, म्हणजे प्रकरणाचे गांभीर्य ध्यानात येते. ओल्या रंगावर येऊन बसलेला अर्ध्या मिलिमीटरचा कण त्या गाडीच्या दृष्टीने १२ मिलिमीटरचा असतो. म्हणजे बोनेटवर खडी पडलेली असते. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. तो छताला चिकटला, की त्या छतावर पावणेदोन मिलिमीटर जाडीची दोरी आडवी पडलेली असते आणि तिच्यावरून रंगही मारून झालेला असतो. राईचा पर्वत होतो तो असा, मोजून चोवीस पटींनी.

त्यातही सगळ्यांनी एकमताने एकच माप धरले असते तर बरे झाले असते. एका फुटाला अर्धा इंच या सोयीच्या हिशेबातून १:२४ निघाले आणि जपानी कंपन्यांनी ते उचलून धरले. अमेरिकेत मात्र १९४८ साली सुरू झालेल्या एएमटीसारख्या कंपन्या मोटार विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या जाहिरातीच्या प्रतिकृती १:२५ या मापात बनवत असत, आणि पुढे किटे, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांची खोकी, निघाली तीही त्याच मापात निघाली. चार मीटरच्या गाडीत या दोन मापांमुळे सात मिलिमीटरहून कमी फरक पडतो. दोन गाड्या शेजारीशेजारी ठेवल्या, तर सामान्य माणसाला तो जाणवत नाही. छंदिष्टाला जाणवतो, आणि जाणवलेली गोष्ट मनात ठेवणे हा छंदिष्टांचा स्वभाव नाही.

खोके उघडले, की प्लॅस्टिकच्या चौकटींवर, म्हणजे स्प्रूंवर, लटकलेले शे-दीडशे भाग समोर येतात. ते निपरने कापण्याआधी त्यांना साबणाच्या पाण्याने आंघोळ घालायची असते, कारण साच्यातून सुटून यावेत म्हणून लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंश त्यांच्यावर राहिला, तर रंग धरत नाही. मग साच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा जिथे आला असेल ती बारीक रेघ घासून काढायची, आणि भाग साच्याबाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांच्या गोल खुणा पुट्टी भरून बुजवायच्या. हे सारे निमूटपणे करण्याचे काम आहे, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखे आहे ते रंगाबद्दल. खऱ्या मोटारीवरचे रंगाचे सगळे थर मिळून जाडी दशांश मिलिमीटरच्या आसपास भरते. तिची प्रामाणिक प्रतिकृती करायची, तर माझा थर चार-पाच सहस्रांश मिलिमीटरचा हवा. तसा रंग अजून कोणी काढलेला नाही. त्यामुळे प्रायमर, रंग आणि वरचे पारदर्शक लॅकर एवढे जुजबी कपडे चढवले, तरी गाडी ओव्हरकोट घालून उभी असल्यासारखी दिसू लागते आणि दारांच्या फटी बुजायला लागतात. मेटॅलिक रंगाची तऱ्हा आणखी वेगळी. खऱ्या गाडीसाठी केलेला असा रंग मॉडेलवर मारला, तर त्यातला चमकीचा प्रत्येक कण सुटा दिसतो, आणि गंभीर चेहऱ्याची चार दारांची गाडी वरातीला निघाल्याचा भास होतो.

शिवाय रंगांचे आपापसांतले संबंध जपावे लागतात. लॅकरवर एनॅमल मारलेला चालतो. एनॅमलवर लॅकर मारला, तर त्याचा थिनर खालच्या थराला जाळतो आणि पाहता पाहता साऱ्या छताला सुरकुत्या पडतात. हवा दमट असेल, तर लॅकर वाळताना पांढुरका पडतो. बॉडी लाल प्लॅस्टिकची असेल आणि तिला पांढरा रंग दिला, तर लाल रंगद्रव्य खालून हळूहळू वर झिरपते, आणि आपण कधीही न मागितलेली गुलाबी गाडी आपल्या पदरात पडते.

या सर्वांतून पार पडून एके दुपारी एअरब्रश हाती घेण्याची वेळ येते. खोलीतली धूळ खाली बसावी म्हणून मी आधी पाण्याचा फवारा मारतो, रंगाची वाफ बाहेर ओढणारी पेटी सुरू करतो, तोंडावर मास्क चढवतो, आणि हवेत एकही कण विनाकारण हलू नये म्हणून पंखा बंद करतो. नोझल ०.३ मिलिमीटरचे, दाब बेताचा, हात सरळ रेषेत, फवारा गाडीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबवायचा. पहिला थर नुसत्या धुक्यासारखा. दुसरा जरासा ओला. तिसऱ्या थराला पृष्ठभाग काचेसारखा झळकू लागतो, दिव्याचे प्रतिबिंब त्यात अखंड उतरते, आणि मी श्वास रोखून ती बॉडी झाकण्यासाठी खोके उचलतो. नेमक्या त्याच क्षणी दार उघडते.

"अरे, केवढा घामाघूम होऊन बसला आहेस! पंखा तरी लाव," असे म्हणत आई स्वतःच बटण दाबते.

मातृप्रेमापुढे कोणाचेही काही चालत नाही. पंख्याच्या पात्यांवर साठलेला सारा ऐवज एका फेरीत खाली उतरतो आणि त्यातला निवडक भाग बोनेटवर स्थिरावतो. त्यानंतर रंग पूर्ण वाळेपर्यंत त्या कणांकडे पाहत बसायचे असते, कारण ओल्या रंगात चिमटा घालणे म्हणजे एका खड्याच्या जागी विहीर खणणे होय. पुढे २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून तो पृष्ठभाग घासायचा, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक, आणि शेवटी पॉलिश. कडांवर रंग पातळ असतो, म्हणून बोनेटचा मधला भाग घासायचा आणि कडांचे नुसते नाव घ्यायचे. कागद तिकडे अंमळ झुकला, की खालचा पांढरा प्रायमर दात काढून हसतो.

रंगावर डिकले चिकटवण्याची कला स्वतंत्र मनस्तापाची आहे. पाण्यात भिजवलेले ते पातळ चित्र घसरवत जागेवर आणायचे आणि त्याला मऊ करणारे द्रावण लावायचे. द्रावण लागताच डिकल आधी पार चुरगळते. पुस्तके सांगतात, की या वेळी त्याला हात लावू नये, ते आपोआप ताणून बसेल. ते बसतेही, पण मधली काही मिनिटे काढण्यासाठी लागणारा निर्विकारपणा खोक्यात दिलेला नसतो.

मात्र या छंदातला खरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही, कारण तो उडून गेलेला असतो. आम्लाने कोरून काढलेल्या पातळ धातूच्या पत्र्यावर गाडीचे मानचिन्ह असते, तिळाहून लहान. ते पात्याने सोडवून चिमट्यात धरायचे आणि गाडीच्या नाकावर ठेवायचे, एवढेच काम. चिमटा सैल धरला, तर ते खाली पडते. घट्ट धरला, तर टिक् असा सूक्ष्म आवाज होतो आणि चिमट्याच्या दोन टोकांमध्ये काहीही उरत नाही. आवाज झाला तेव्हा ते कोणत्या दिशेला गेले, याचा तर्क करण्यात अर्थ नसतो. मग विजेरी जमिनीवर आडवी ठेवायची, म्हणजे फरशीवरच्या प्रत्येक कणाची लांब सावली पडते, आणि गुडघे टेकून, गाल फरशीला लावून त्या सावल्या वाचत पुढे सरकायचे. तेवढ्याने भागले नाही, तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ मोजा बांधून सारी खोली ओढून घ्यायची आणि मोज्यात जमलेला केर पांढऱ्या कागदावर पसरून तपासायचा. या शोधात कधीकाळी हरवलेल्या दुसऱ्याच गाडीचा आरसा सापडतो, कपाटाखाली गेलेला स्क्रू सापडतो, चालू गाडीचे मानचिन्ह तेवढे सापडत नाही.

काचेच्या बाबतीत निदान शत्रू कोण हे ठाऊक असते. झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेटची वाफ पारदर्शक भागावर पांढरे धुके चढवते, म्हणून काचा साध्या पांढऱ्या डिंकाने बसवायच्या. हा डिंक सावकाश वाळतो, आणि तोवर समोरची काच बोटाने धरून ठेवायची. बोटाला ठसे असतात. गाडीच्या मापाने माझ्या अंगठ्याचा ठसा जवळपास अर्धा मीटर लांबीचा भरतो, आणि तो बरोबर चालकाच्या डोळ्यांसमोर येतो.

इंजिन असलेले किट घेतले, तर आणखी एक विलक्षण अनुभव मिळतो. स्पार्क प्लगच्या तारा, पट्टे, झाकणांवरची अक्षरे असे सगळे भिंगाखाली रंगवून आपण ते इंजिन गाडीत बसवतो आणि त्यावर बोनेट ठेवतो. त्यानंतर इंजिन आहे की नाही, याबद्दल जगाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो. ज्या किटांत इंजिनच नसते आणि बोनेट बॉडीतच ओतलेले असते, ती बांधणारे लोक माझ्याइतकेच दिसणारे काम निम्म्या वेळात करतात आणि रात्री वेळेवर झोपतात. तरीही इंजिन हवेच, या मताला मी चिकटून आहे. या बाबतीत मला जपानमधल्या शिझुओका येथील तामिया या मॉडेले बनवणाऱ्या कंपनीचा मोठा आधार वाटतो. १९७६ साली त्यांनी १:१२ या मापात पोर्शे ९३४ बाजारात आणली; तिच्या अभ्यासासाठी कंपनीच्या शुन्साकू तामिया यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती खोलून काढली होती, आणि ती पुन्हा जोडण्यासाठी बाहेरून जाणकारांना पाचारण करावे लागले होते. जोडताना अडणे ही या क्षेत्रात थोरामोठ्यांची परंपरा आहे, हे मी घरात अनेकदा सांगून पाहिले आहे.

गाडी पूर्ण होऊन कपाटात गेली, की लोक ती पाहायला येतात. प्रश्न ठरलेले असतात.

"चालते का रे ही?" मामांनी विचारले.

"नाही, मामा."

"दार तरी उघडतं?"

"नाही."

"मग करते काय?"

"उभी राहते."

मामांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिले, आणि आपल्या भाच्याचे शिक्षण कोणत्या इयत्तेत बिनसले असावे, याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट वाचता आला.

मामा परवडले, असे समव्यसनी मित्रांना भेटल्यावर वाटते. यांच्यापैकी कोणीही, चालते का, असे विचारत नाही. आधी मनापासून वाहवा होते, मग गाडी उचलून दिव्याखाली नेली जाते, आणि मग थोडी शांतता पसरते. "उत्तम झाली आहे हो, फक्त या रंगाची गाडी आली, त्या वर्षी पुसणारे वायपर काळे होते, चंदेरी नव्हते." हे सांगणाऱ्याच्या आवाजात दुष्टावा नसतो, उलट शोकसंदेश देतानाची हळुवारता असते. आमच्यातल्या अशा पंडितांना रिव्हेट मोजणारे म्हणतात. ते बहुतेक वेळा बरोबर असतात, हाच त्यांचा दोष आहे. त्यांची स्वतःची मॉडेले मात्र क्वचितच दृष्टीस पडतात, कारण वायपरचा रंग नक्की होईपर्यंत ती सुरूच होत नाहीत.

आणि न बांधलेली खोकी? खरी मोटार कारखान्यात साधारण दिवसभरात जुळून बाहेर पडते. तिच्या चोविसाव्या हिश्शाला महिने लागतात. या वेगाशी नव्या किटांच्या मोहाचा काही संबंध नसल्यामुळे ती खोकी साठत जातात. आपल्या उरलेल्या आयुष्यात बांधून होतील त्याहून अधिक किटे घरात आहेत, हे छंदिष्टाला पक्के ठाऊक असते आणि त्या माहितीचा खरेदीवर कोणताही परिणाम होत नाही. निदान साठा सुरक्षित आहे, या समाधानात मी होतो. पण व्हिनिलच्या टायरांतले, त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे बाहेर येत राहते आणि ज्या प्लॅस्टिकला टेकेल ते विरघळवते, हे कळल्यापासून माझी झोप उडाली. बंद खोक्यात, अंधारात, माझे टायर माझ्याच काचा खात होते. मी एका सुट्टीच्या दिवशी सगळी खोकी खाली काढली, प्रत्येकातले टायर बाजूला केले, वेगवेगळ्या पुड्यांत बांधले, पुड्यांवर नावे घातली आणि त्या साऱ्या एका पिशवीत भरून कपाटात ठेवल्या.

ती पिशवी काही तरी शोधताना बायकोच्या हाती लागली.

"अहो, हे एवढे टायर कसले?"

"गाड्यांचे."

"आणि गाड्या कुठे आहेत?"

"त्या बांधायच्या आहेत अजून."

तिने एक पुडी उघडली, त्यातला एक टायर करंगळीच्या टोकावर घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे आधी पंक्चर काढून ठेवलीत."