चौकोनी शेपूट कापू नका

‘जुन्या बाजारात हे दिसलं तर सोडू नका’ अशा मथळ्याचा फॉरवर्ड सध्या फिरतोय. फोटोत लाकडी मुठीची, वाकड्या दांड्याची ब्रेस, म्हणजे हातानं फिरवून लाकडात भोक पाडायचं अवजार, आणि तिला लावायची सहा-सात बिटं (भोक पाडणारे पिळदार दांडे), खाली चार दावे. भाच्यानं तो मला पाठवून ‘मामा, शेपट्या कापू का?’ असं विचारलं, म्हणून हे लिहितोय.

घातक दावा शेवटचा, म्हणून तोच आधी घेतो. ‘बिटाची चौकोनी शेपूट म्हणजे जुन्या काळचं ओबडधोबड काम. हॅक्सॉनं कापा, गोल दांडा ड्रिल मशीनला लावा, लोण्यात शिरल्यासारखं भोक पडतं.’

ओबडधोबड? ती शेपूट, म्हणजे बिटाचं ब्रेसमध्ये बसणारं टोक, मुद्दाम चौकोनी आणि टोकाकडे निमुळती केलेली असते. ब्रेसच्या चकात, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडात, दोनच जबडे असतात आणि दोघांनाही आतून व्ही आकाराची खाच. चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे त्या खाचांत बसले की बिट घसरायची सोय उरत नाही. अमेरिकेत विल्यम बार्बरनं अशा चकाचं पेटंट 1864 मध्ये घेतलं. कारखाने आले-गेले, रचना तीच राहिली.

आता मशीनचं बघा. बिटाच्या लाकडाकडच्या टोकाला स्क्रू असतो. तो लाकडात शिरून बिटाला आपल्यामागे ओढतो. किती ओढायचं ते त्याचा आटा ठरवतो, तुमचा हात नव्हे. एका फेऱ्याला दीड मिलिमीटर धरा. ब्रेस मिनिटाला 60 फेरे फिरवली तर बिट सेकंदाला दीड मिलिमीटर उतरतं. मशीन 2500 फेऱ्यांवर असेल तर तेच गणित सेकंदाला 62 मिलिमीटरवर जातं! सागाच्या फळीतून एवढं तासण बाहेर पडणार कुठून? ते बिटाच्या पिळाच्या खाचांत ठासतं, बिट अडकतं आणि मग मशीनच फिरतं, मनगटासकट. मशीननंच काम करायचं असेल तर साधं फ्लॅट बिट आणा.

‘8 आकडा म्हणजे 8 मिलिमीटर.’ अजिबात नाही. अमेरिकी बिटावर शेपटीजवळ ठोकलेला आकडा इंचाचे सोळावे भाग सांगतो. 8 म्हणजे अर्धा इंच, आपले चार सूत, 12.7 मिलिमीटर. 8 मिलिमीटरच्या डॉवेलसाठी (गोल लाकडी खुंटीसाठी) हे बिट वापरलंत तर डॉवेल भोकात लोळेल.

‘मेड इन इंग्लंड म्हणजे 1947 आधीचं.’ स्टॅन्लीच्या शेफील्डच्या कारखान्यात स्वातंत्र्यानंतरही ब्रेस बनत होत्या. पुढे बोलायला नको.

‘सर्जन यानं कवटी उघडायचे.’ इथं थोडं मान्य करावं लागेल. हडसन ब्रेस नावाचं शल्यक्रियेचं अवजार असतं आणि ते दिसतंही असंच. पण ते सगळं धातूचं, वाफेत निर्जंतुक करता येईल असं. फोटोतल्या ब्रेसची डोक्यावरची टोपी आणि मूठ लाकडाची आहे. ती सुताराची, आणि भाव लाखांत मागणारा तुम्हाला गंडवतोय.

घेताना चक उघडून दोन्ही जबडे आणि त्यांची स्प्रिंग जागेवर आहे का ते बघा, रॅचेट (ब्रेस एकाच दिशेनं फिरू देणारी खटक्याची रचना) दोन्ही बाजूंनी धरतं का ते फिरवून पाहा. बिटाचा टोकाचा स्क्रू झिजला असेल तर ते सोडून द्या, तो परत करता येत नाही. कडेचे उभे दात बोथट असतील तर कानस फक्त आतून मारा. बाहेरून मारली तर दात कापतात ते वर्तुळ लहान होतं आणि मागचं अंग भोकात घट्ट अडकतं.