गाजलेल्या गेमची निंदा कशी करावी

इंदूरच्या मराठी घरांत जाणकार म्हणून मिरवण्यासाठी एके काळी संगीत नाटक किंवा होळकर संघाचे क्रिकेट यांपैकी एका विषयावर अधिकारवाणीने बोलता आले, तरी भागत असे. आताची भाचरे आणि पुतणे या विषयांवर अदबीने मान डोलावतात आणि मोबाइलकडे वळतात. तेव्हा, वाचकहो, त्यांच्यासमोर आपला मान राखायचा असेल, तर एखादा जगप्रसिद्ध व्हिडिओ गेम ओव्हररेटेड कसा आहे, हे आपल्याला ठासून सांगता आले पाहिजे. ही विद्या अवघड नाही आणि तिच्यासाठी फारसे खेळावेही लागत नाही.

निंदेसाठी पडलेला गेम कधीही निवडू नये. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये इतक्या दोषांसह बाजारात आला की सोनीने तो काही महिने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढूनच टाकला होता. अशा गेमला नावे ठेवण्यात कसले आले शौर्य? आपण थेट ‘ओकारिना ऑफ टाइम’ला हात घालावा. ‘झेल्डा’ मालिकेतल्या १९९८ च्या या गेमला मेटाक्रिटिकवर, म्हणजे समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर, १०० पैकी ९९ गुण आहेत. उरलेला एक गुण आपणच कापला होता, अशा आवाजात बोलावे.

“मामा, तुम्ही तो पूर्ण खेळलात का?” हा प्रश्न येणारच. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मत लिहिणाऱ्याने किती तास खेळले, हे त्याच्या मताशेजारीच दिसते. ही सोय ज्याला सुचली, त्याला समीक्षेचे मर्म मुळीच कळलेले नाही. म्हणून असले मत शक्यतो लेखी देऊ नये. थंडीच्या रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात उभ्याने गराडू, म्हणजे तळलेला गरम कंद, खाताना ते द्यावे, कारण तेथे तास मोजायला कोणी नसते आणि तोंड भाजलेल्या श्रोत्याला लगेच उलटप्रश्न विचारता येत नाही. लेखीच द्यायचे झाले, तर लवकर द्यावे. दोन तासांहून कमी खेळलेला आणि विकत घेऊन चौदा दिवस न उलटलेला गेम स्टीमला परत करता येतो. पन्नास-साठ तासांच्या कथेचा निकाल पावणेदोन तासांत लावून वर पैसेही परत मिळवणाऱ्या समीक्षकाला माळव्यात कोणी उतावळा म्हणणार नाही.

खरे कौशल्य लागते ते पुढच्या भागाविषयी बोलताना. त्यासाठी दोन वाक्ये तोंडपाठ असावीत. पुढचा भाग आधीच्यासारखाच असेल, तर “यात नवे काय आहे?” असे विचारावे आणि वेगळा असेल, तर “मूळ गाभाच हरवला” असे म्हणावे. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या युद्धाच्या गेमचा नवा भाग २००५ पासून दर वर्षी येत असल्यामुळे त्याच्यासाठी पहिले वाक्य राखीव असते; २०१६ साली तो अंतराळात गेला, तेव्हा मात्र त्याच्या ट्रेलरवर नापसंतीचा भडिमार झाला आणि दुसरे वाक्य कामी आले. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या महायुद्धात परतल्यावर पहिले वाक्य पुन्हा वापरायला कोणाचीच हरकत नव्हती.

या दोन्ही वाक्यांची एकाच क्रमांकावर सोय करून ठेवल्याबद्दल निन्टेन्डोचे ऋण मानावे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा दुसरा भाग जपानमध्ये १९८६ साली आला, तो पहिल्यासारखाच, फक्त जास्त अवघड होता. अमेरिकेतल्या खेळाडूंना तो झेपणार नाही, असे वाटल्यामुळे कंपनीने ‘डोकी डोकी पॅनिक’ हा निराळाच गेम घेतला, त्यातली माणसे काढून मारिओ आणि मंडळींना बसवले आणि १९८८ साली तोच दुसरा भाग म्हणून विकला. जपानी दुसऱ्या भागाला शिळा म्हणावे, अमेरिकी दुसऱ्या भागाला तोतया म्हणावे. त्या तोतयातूनच आलेली शाय गाय आणि बॉब-ऑम्ब ही पात्रे पुढे मारिओच्या घरचीच होऊन बसली, ही माहिती मात्र आपण होऊन कोणाला देऊ नये.

तरीही या कलेचा परमोत्कर्ष पाहायचा, तर तो ‘असॅसिन्स क्रीड’च्या रसिकांत. २००७ साली भिंती चढण्याचा आणि गर्दीत लपून मारण्याचा जो साचा बसला, तो २०१४ पर्यंत इतका घासून गेला होता की लोक म्हणाले, बदला. कंपनीने २०१६ साली मुख्य मालिकेतला भागच काढला नाही आणि २०१७ मध्ये इजिप्तमधला, नायकाची पातळी चढवत नेण्याचा, अवाढव्य नकाशाचा गेम आणला. लोक म्हणाले, हा असॅसिनच नव्हे. २०२० चा ‘वाल्हाला’ आला, तेव्हा तो संपता संपत नाही, अशी तक्रार झाली. मग २०२३ मध्ये ‘मिराज’ हा मुद्दाम छोटा, बगदादच्या गल्ल्यांतला, जुन्या वळणाचा भाग आला आणि लोकांनी विचारले, यात नवे काय आहे? सोळा वर्षे एका आसनावर बसून केलेली ही तपश्चर्या आहे. नवशिक्याने तिच्याकडे पाहून शिकावे. (हीच मंडळी छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोह्यांवर जिरावण मसाला चिमूटभर कमी पडला, तरी दुकानाला उतरती कळा लागली, असे जाहीर करतात आणि शेजारी चीज घातलेल्या पोह्यांची पाटी लागली, तर तिचा फोटो काढून संस्कृती बुडाल्याचे कळवतात.)

‘रेसिडेंट इव्हिल’ या भीतिदायक गेमच्या मालिकेचा विषय कोणी काढला, तर मात्र पाणी प्यायला उठावे. ही मालिका आपल्या शास्त्राला घातक आहे. तिच्या चौथ्या भागाचा एक आराखडा मूळ वळणापासून इतका दूर गेला की त्याचा २००१ साली ‘डेव्हिल मे क्राय’ हा स्वतंत्र गेम झाला. प्रत्यक्ष चौथा भाग २००५ साली आला, त्याने कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे नेला आणि बाकीच्या उद्योगाने तो उचलला. पुढे मारधाडीचा अतिरेक झाला, २०१२ च्या सहाव्या भागावर टीका झाली आणि २०१७ च्या सातव्याने कॅमेरा थेट नायकाच्या डोळ्यांत बसवला. दिसायला सगळेच बदलले होते, पण मोजक्या गोळ्या, कुलूपबंद दारे आणि किल्ली शोधताना वाटणारी धास्ती परत आली होती. यावरून कोणी म्हणेल की साच्यातले काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे भागागणिक, गेमगणिक पाहावे लागते. असे पाहू लागले की गेम खेळणे भाग पडते.

तुलनेसाठी सुवर्णयुग कोणते मानावे, याविषयी शास्त्रात मतभेद नाहीत: आपण आठवीत होतो, ते. इंदूरच्या बहुतेक जाणकारांसाठी ते २००२ च्या ‘व्हाइस सिटी’चे असते. क्लासला जातो, असे सांगून सायबर कॅफेत बसायचे, ‘पॅन्झर’ टाइप करून रणगाडा काढायचा आणि पोलीस मागे लागले की वेळ संपेपर्यंत पळायचे. एकही मिशन पुरे न केलेल्या या गेमच्या कथेत जी खोली होती, ती आजच्या गेममध्ये नाही, असे सुस्कारा सोडून सांगावे. त्या काळी ग्राफिक्स नव्हते, पण जीव होता, हे वाक्य जोडल्यास उत्तम. फक्त ऐकणारा चाळिशीच्या पुढचा असेल, तर जपून बोलावे, कारण त्याचे सुवर्णयुग त्याहून जुन्या ‘कॉन्ट्रा’ गेमचे असते आणि तो आपल्या व्हाइस सिटीलाच ओव्हररेटेड म्हणण्याचा धोका असतो.

आता सरावासाठी एक काम करावे. ‘व्हाइस सिटी’ ज्या मालिकेतला, त्या ‘जीटीए’चा पाचवा भाग २०१३ साली आला आणि सहाव्याचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये, आपले मत त्या ट्रेलरबरोबरच तयार झाले असेल, असे गृहीत धरतो. ते दोन प्रतींत लिहून ठेवावे. नकाशा मोठा निघाल्यास तो रिकामा आहे, लहान निघाल्यास इतक्या वर्षांत एवढेच केले का, हे पहिल्या परिच्छेदात यावे. गाडी हलकी वळली, तर पोरखेळ म्हणावे, जड वळली, तर बैलगाडी. खाली सही करावी आणि तारखेची जागा तेवढी मोकळी सोडावी.