कमांड देणाऱ्याला काढून नेट सुरू राहणार नाही

शनिवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर विनय आला तोच तापलेला. त्याचं माहीमला औषधांचं दुकान आहे. आदल्या संध्याकाळी त्याच्या इंटरनेट कंपनीची लाइन गेली ती थेट दुकान बंद करायच्या वेळेला आली. बिलाचं सॉफ्टवेअर ऑनलाइन, त्यामुळे बिलंच निघेनात. एक आजी इन्सुलिनसाठी ताटकळत बसल्या होत्या.

"कुठेतरी रस्ता खोदला असणार," श्रद्धा म्हणाली. मुंबईत नेट गेलं की हाच पहिला संशय, आणि बऱ्याचदा खराही असतो.

नंदूने विचारलं, "राऊटरवरचा एलओएसचा दिवा लाल झाला होता?"

"नाही. सगळे हिरवे होते."

"मग फायबर शाबूत होती. घरापर्यंत येणारा प्रकाश तुटला की तो दिवा लगेच लाल होतो. हे राउटिंगचं, म्हणजे डेटाला वाट दाखवण्याचं, लफडं आहे."

नंदू महापेला एका दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्क कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी करतो. विनयने मोबाइलवर काढलेला फोटो त्याने मोठा करून पाहिला. त्यात ट्रेसरूट होता, म्हणजे डेटा कोणकोणत्या राऊटरवरून जातो त्याची यादी. पहिली ओळ दुकानातल्या राऊटरची, दुसरी कंपनीच्या राऊटरची, आणि तिसरीपासून खाली नुसत्या चांदण्या (*), म्हणजे उत्तरच नाही. डेटाचं पाकीट कंपनीच्या दारापर्यंत पोचत होतं, पुढची वाट कुणालाच माहीत नव्हती. रूळ आणि गाड्या धडधाकट, पण दादरच्या सगळ्या इंडिकेटरवरून गाड्यांची नावं पुसली गेली, तसं.

"म्हणजे कुणीतरी चुकीचं बटण दाबलं," विनय म्हणाला. "त्याला घरी पाठवा. माझ्या दुकानात पोराने चुकीचं औषध दिलं तर मी ठेवेन का त्याला?"

इथून वाद पेटला. नंदूने कॅनडातल्या रॉजर्स या टेलिकॉम कंपनीचं उदाहरण काढलं. ८ जुलै २०२२, पहाटेची वेळ. नेटवर्क सुधारण्याचं काम टप्प्याटप्प्याने चाललं होतं. एका टप्प्यात राऊटरच्या कॉन्फिगरेशनमधला एक फिल्टर काढला गेला आणि रूटच्या माहितीचा लोंढा नेटवर्कच्या मध्यवर्ती (कोअर) राऊटरवर आदळला. ते कोसळले. सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचं मोबाइल आणि इंटरनेट दोन्ही गेलं. इंटरॅक या तिथल्या पेमेंट नेटवर्कचे डेबिट व्यवहार अडले, अनेकांना ९११ हा आपत्कालीन नंबरसुद्धा लागेना. आधीचे टप्पे सुरळीत पार पडले म्हणून पुढच्या कामाची जोखीम 'जास्त'वरून 'कमी'वर आणली गेली होती. "आता सांग," नंदू म्हणाला, "ज्याने फिल्टर काढला तो दोषी, की ज्या पद्धतीने त्या कामाला 'कमी जोखीम' ठरवलं ती?"

"दोघेही," विनय म्हणाला.

मला नंदूचं पटतं, आणि त्याचं कारण त्याने पुढे सांगितलं त्यात आहे. रॉजर्सच्या माणसांना राऊटर दुरुस्त करायला ज्या वाटेने आत शिरायचं, ती वाट त्याच बंद पडलेल्या नेटवर्कवरून जात होती. त्यांचे फोनही त्याच कंपनीचे. फेसबुकचं ४ ऑक्टोबर २०२१ला जवळपास सहा तास हेच झालं होतं. चुकीची कमांड अडवणाऱ्या तपासणी प्रणालीतच बग होता, आणि इंजिनिअरना बाहेरून आत शिरता येईना. माणूस चुकणारच, हे धरून नेटवर्क बांधायचं असतं. त्यासाठीचे उपाय जुने आहेत. जुनिपर कंपनीच्या राऊटरवर 'कमिट कन्फर्म्ड' ही कमांड दिली तर दहा मिनिटांत दुजोरा दिला नाही की राऊटर आपोआप जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येतो. आपल्याच कमांडने बाहेर फेकले गेलात, तरी दहा मिनिटांनी दार उघडतं. आणि कन्सोलपर्यंत, म्हणजे राऊटर थेट हाताळायच्या जागेपर्यंत, जायला दुसऱ्या कंपनीचं सिम लावलेली वेगळी वाट. यात काय आकाशपाताळ एक करायचं आहे?

"खर्च," नंदू म्हणाला. "वर्षानुवर्षं वापरात न येणाऱ्या लाइनचे पैसे मंजूर करून घेताना घाम फुटतो."

श्रद्धाला वेगळीच चीड होती. कंपनीचा मेसेज आला तो एवढाच: 'तांत्रिक अडचणीमुळे सेवा खंडित झाली होती.' "मी घरून काम करते, क्लायंटला काय सांगू? तांत्रिक अडचण म्हणजे काय?" तिचा राग मला सगळ्यात रास्त वाटला. रॉजर्सने ग्राहकांना पाच दिवसांचे पैसे माफ केले. पण काय बिघडलं हे जगाला कळलं ते तिथल्या नियामकाने, सीआरटीसीने, कंपनीकडून लेखी उत्तरं मागितली आणि नंतर स्वतंत्र तपासणी करवून घेतली म्हणून. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकाने छोट्या-मोठ्या प्रत्येक कंपनीकडून अशी कारणं मागवून लोकांपुढे ठेवली पाहिजेत. नुसतं किती वेळ बंद होतं हे पुरेसं नाही. का बंद पडलं, आणि आत शिरायला दुसरी वाट होती का, हेही हवं.

श्रद्धाने तिथेच तक्रारीचा मजकूर टाइप केला. त्यात नंदूने दोन प्रश्न घालायला लावले: बदल करण्याआधी परतीची सोय होती का, आणि राऊटरपर्यंत पोचायला किती वेळ लागला. विनयनेही त्यावर आपला ग्राहक क्रमांक दिला. त्या माणसाला काढायलाच हवं, हे मात्र तो उठेपर्यंत सोडायला तयार नव्हता.